शेरा

सातला आकडा लागतो पुण्याला.
मी सहालाच येते, बॅटरी दातांत धरून,
कारण हातमोजे काढले की बोटं
दुसऱ्या कुणाची होतात.
पांढरी पेटी, चार पायांवर उभी,
आत किमान तापमापक आडवा निजलेला.
माझी ऊब त्याला लागू नये म्हणून
श्वास धरते, वाचते, लिहिते:
चार पूर्णांक दोन.
वारा: शांत. दव: आहे.
शेरा: निरंक.

कुंपणापलीकडे नाला,
नाल्याच्या काठाने शिंदीची अकरा झाडं,
आणि त्यातल्या एकावर, शेंड्याखाली,
कमरेला दोर आवळून
धवळू गांगोडे.
सुरगाण्याकडचा. दिवाळी झाली की येतो,
होळीच्या आधी परततो.
खाली त्याची बायको यमुनी
कंदील धरून वर बघत.
बोलत काही नाही.

कोयत्याने तो झाडाचा गाल तासतो,
कातडीपुरता, न्हाव्यासारखा,
बांबूची नळी ठोकतो, मडकं अडकवतो.
मडक्याला आतून चुना,
नाहीतर ऊन लागताच रसाचं डोकं फिरतं.
तीन रात्री झाड देतं,
चार रात्री त्याच्याकडे काही मागायचं नाही.
एका वर्षी खाच उगवतीला, पुढल्या वर्षी मावळतीला,
त्यामुळे खोड असं नागमोडी.
मी एकदा खाचा मोजल्या. एकोणीस.
"त्यात सात माह्या बापाच्या हायेत,"
तो वरून म्हणाला.

पहिल्या हिवाळ्यात त्याने विचारलं होतं,
"पाराबाई, आज किती?"
साडेसहा, मी म्हटलं. आणि पारा नसतो यात,
स्पिरिट असतं.
तो इतका हसला की झाड हललं.
"म्हंजे दारू तुमच्या नळीत,
आन पोलीस हुंगतो माहं मडकं!"

तेव्हापासून तो आधी सांगतो, मी नंतर वाचते.
मडकं काठोकाठ, म्हणजे पाचच्या खाली.
गळ्याशी, तर आठ.
आभाळ असलं की रस पातळ, आंबूस,
त्या दिवशी तो आकडा सांगत नाही, नुसता थुंकतो.
चुकतोही, अर्ध्या अंशाने.
तेवढी चूक माझ्या उपकरणालाही माफ आहे,
त्याच्या कागदावरच छापलंय.

कादवेपलीकडे बागांतून धूर निघत असतो.
रात्रभर ओला भुसा जाळतात लोक,
मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून.
तीच थंडी. तिकडे साखर फुटून वाया जाते,
इकडे थेंबाथेंबाने गोळा होते.
असं का, मी विचारलं.
"द्राक्षाची कातडी पातळ," धवळू म्हणाला.
मग दोर सैल करत,
"शिंदीला काय, कोयत्याची सवय."

जानेवारीतल्या एका मंगळवारी
पेटीच्या कडीला माझं बोट चिकटलं.
एक पूर्णांक नऊ.
चष्मा पुसून पुन्हा वाचलं. एक पूर्णांक नऊच.
गव्हावरचं दव काचेसारखं,
पायाखाली मोडत होतं.
नाल्याकाठी कंदील होता, पण तो
धवळूच्या कोपरात अडकवलेला,
दोन्ही पंजे काखेत.
"मिटंनात," तो म्हणाला, बोटांविषयी,
आणि लाजल्यासारखा वर बघू लागला.

वर यमुनी.
कासोटा घट्ट, दोर कमरेला,
कोयता दातांत, जशी माझी बॅटरी.
इतकी वर्षं खालून बघितलेलं सगळं
तिच्या हातांना पाठ होतं.
कोयता काढून तिने हाक दिली,
मी ऐकलेला तिचा पहिला शब्द:
"दोन!"

मडक्यावर पापुद्रा धरला होता.
तिने अंगठ्याने फोडला, पेला भरला,
माझ्या हातात दिला.

शेऱ्यात मी लिहिलं:
नीरा काठोकाठ. निरीक्षक, यमुना गांगोडे.

पेपरात आकडा आला, पानावरच्या बर्फाचा फोटो आला.
फेब्रुवारीत पुण्याहून पत्र:
शेऱ्याचा खुलासा करावा.

कागद घेऊन बसते रोज.
वाक्य त्या पहिल्या घोटापाशी अडतं:
आधी दातांत कळ,
मग, बऱ्याच वेळाने, जिभेला कळलेलं गोड.
एककाचा रकाना
अजून रिकामा आहे.