वैल

ट्रेनिंगच्या पोरांना मी आधी इंग्रजीतच सांगायचे, को-जनरेशन.
पोरं वहीत लिहायची, मान हलवायची.
एकदा वैतागून म्हटलं, चूल बघितलीय का रे,
आणि चुलीला जोडून असतो तो वैल?
पुढं तव्यावर भाकरी भाजते,
मागं त्याच जाळावर आमटी आपसूक शिजते,
वेगळं लाकूड लागत नाही.
हे तसंच. पुढं गॅसवर टर्बाइन फिरतं, वीज होते.
मागून साडेपाचशे अंशांचा झोत निघतो,
त्याच्यावर आपण पाणी ठेवलंय. त्याची वाफ कागद वाळवते.

मागच्या बाकावरनं एकानं हात वर केला,
मॅडम, वैल म्हणजे काय?
उजळाईवाडीचा पोरगा. घरी जन्मापासून शेगडी.

शुक्रवारी दस्तगीरमामा आले.
पासावर 'कामाचं स्वरूप' ह्या रकान्यात वॉचमननं लिहिलं, भेट.
कुणाची, ते कोरं ठेवलं.
एकोणतीस वर्षं जुन्या बॉयलरला चिपाड घातलं ह्या माणसानं.
डाव्या भुवईला केस नाहीत, ते तेव्हापासून.
नुसत्या आवाजावरनं दाब सांगायचे.
आम्ही मागाहून काटा बघायला जायचो,
आणि काटा त्यांच्याच बाजूनं बोलायचा.

"जाळ दाव," म्हणाले.
मी स्क्रीन दाखवली. चौकटीत हिरवा ठिपका, ज्योत आहे.
"ह्यो?"
हा.
"आन् ह्यो इझला तर?"
सगळं बंद होतं मामा, तीन सेकंदांत, आपोआप.
"आमी पहाटंपतूर फुकत बसायचो," म्हणाले,
आणि ठिपक्याकडं बघत राहिले,
दुसऱ्याच्या घरचं बाळ बघावं तसे.

बाहेर येऊन चिमणीकडं पाहिलं.
धूर नाही. नुसती हवा थरथरत होती
आणि तिच्यामागचा डोंगर दोरीवरच्या लुगड्यासारखा हलत होता.
गोकुळ शिरगावचा वारा फिरला,
मामांनी सवयीनं खांदा झटकला.
खांद्यावर काही नव्हतं.

मग सरळ जाऊन वाफेच्या पाइपावर तळवा ठेवला.
मी ओरडणार, तोच आठवलं,
आत लोकर आहे, वर पत्रा.
"गार हाय की गं."
गार लागतो तेव्हाच तो बरोबर असतो,
हे मला त्यांना सांगवेना.
जे वाचवायला मी एवढी वर्षं शिकले
तेच नेमकं त्यांच्या हाताला लागत नव्हतं.

चहा नको म्हणाले. मशीन नंबर दोनकडं वळले.
पल्परमध्ये लक्ष्मीपुरीची रद्दी पडत होती,
लग्नपत्रिका, उत्तरपत्रिका, बुडालेल्या पतसंस्थेची पासबुकं.
मागच्याच महिन्यात बॉयलर हाऊसची लॉगबुकं
मी स्वतः ह्यात टाकायला लावली होती.
दर तासाचा दाब, पाण्याची पातळी,
आणि सहीच्या जागी एक वाकडा द.
मी पल्परच्या आणि त्यांच्या मधून चालत राहिले.

ड्रायरच्या टोकाला सुकुमार बेडकिहाळे
रिळाच्या कडेची पट्टी फाडून ओलावा बघत होता.
मामांनी ती त्याच्या हातातनं काढून घेतली.
उजेडाला धरली नाही, चुरगाळून बघितली नाही,
गालाला लावली.
दाढीच्या खुंटांवर कागद कुरकुरला.
"हां," म्हणाले. "हितं हाय."

सुकुमार माझ्याकडं बघत होता.
सहा टक्के, मी म्हटलं, लिही.

जाताना गेटवर झडती झाली.
'बाहेर नेलेली वस्तू' ह्याच्यापुढं
वॉचमननं लिहिलं, कागद, कोरा, नग एक.
मशीनपासून गेटपर्यंत दोनशे पावलं आहेत,
मामांच्या चालीनं तीनशे.
तोवर तो गार झाला असणार.