सव्वा

रात्री तीनला देयानिरा हौदात काठी खुपसते.
भोक बुजतं.
अजून नाही.

उताराखाली बुएसाकोचे दिवे, मोजून अकरा.
कुत्रं तिचे बूट हुंगतं, परत झोपतं.
नवरा असता तर म्हणाला असता,
धुऊन टाक, पाण्याची पाळी पाचपर्यंतच.
तो पास्तोला गेलाय, दाढ काढायला.

चारला पुन्हा.
मूठभर बिया चोळते. बुळबुळ गेलेली,
नदीतल्या खड्यांसारखी करकर.
काठी काढली तरी भोक उघडंच,
आत कंदिलाचा थोडा उजेड.
मग ती पोरांना उठवते.

जूनमध्ये चव घेणाऱ्यांचा कागद येतो:
सव्वासत्त्याऐंशी.
नवरा कुंपणावरून ओरडून सांगतो, सत्त्याऐंशी!
देयानिराचं बोट सव्वावर.
“हा तुझ्या दाढेचा,” म्हणते.