मंद चालीतली खोड

साठच्या पुढे जावाला काही होत नाही.
यिहलावाच्या सरळ रस्त्यावर
ती बर्चची झाडं भराभर मागे टाकते
आणि मला वाटतं, उगाच बोलते मी हिला.

दुखणं फाटकांपाशी.
तीस अंडी वोंद्राचेकांकडे, दहा पोस्टातल्या ल्युबाला,
दर दोनशे पावलांवर थांबायचं,
आणि थ्रॉटल सोडली की
दोन ठोके, एक गाळलेला, मग तीन घाईघाईत,
अंधारात पायरी चुकवत कुणी जिना उतरावा तसं,
की बंद.
मग शिवी, मग किक.
टोपलीतली अंडी दचकतात.

भावजी म्हणाले, पेट्रोलात पाणी.
भावजींना सगळीकडे पाणी दिसतं.
मी कार्ब्युरेटर धुतला. चार वेळा.
चौथ्यांदा तर रात्री, स्वयंपाकघरात,
दात घासायच्या जुन्या ब्रशने.

शेवटी व्हेन्देलीनला बोलावलं.
हुम्पोलेत्सच्या यंत्रमागांनी
तीस वर्षांत त्याचे दोन्ही कान खाल्लेत.
त्याने टाकीवर तळवा ठेवला,
आजारी वासराच्या कुशीवर ठेवतात तसा,
आणि बराच वेळ नुसता उभा राहिला.
मग वाकून दोन्ही सायलेन्सरच्या नळ्यांवर थुंकला.
डावीवर चर्र.
उजवीवर थुंकी तशीच, ओघळून खाली.
"उजवा कामचोर!" तो ओरडला.
बहिरी माणसं गुपितंही ओरडूनच सांगतात.

प्लगांची अदलाबदल केली. कामचोर उजवाच.
पॉइंट घासले, पातीने फट मोजली,
कंडेन्सर दुसरा लावून पाहिला.
उजवाच.
मी कार्ब्युरेटरकडे बोट दाखवलं.
त्याने मान हलवली:
"एका भांड्यातून दोघं जेवतात.
भांडं रिकामं असतं, तर दोघंही उपाशी राहिले असते."
चार वेळा धुतला होता मी तो.

मग उजव्या बाजूचं झाकण काढलं,
जनरेटर उघडा पडला.
खिशातून मेणबत्तीचं थोटूक काढून
त्याने ते पेटवलं, फुंकलं,
आणि धुमसती वात आत धरली.
आग लागेल, मी म्हणाले.
त्याला ऐकू येत नाही याचा
त्याने नेहमीसारखा फायदा घेतला.

धुराची रेघ आधी सरळ वर चालली होती.
मग चाकामागे, दांड्यापाशी,
ती लपापू लागली.
आत, बाहेर. आत, बाहेर.
माझ्याच गाडीला मी असं
चोरून श्वास घेताना पहिल्यांदा पाहिलं.

एक सील. रबराची चकती,
चाळीस वर्षांत खुरासारखी टणक झालेली.
वेगात असताना इंजिन एवढी हवा ओढतं
की हा चोरटा घोट कुणाच्या हिशेबात येत नाही.
हळू झालं की तोच घोट
निम्मं जेवण होऊन बसतो.
हे मी सांगतेय. व्हेन्देलीन फक्त म्हणाला,
"शनिवारी."

शनिवारी सील आलं, दोन मिलिमीटर मोठं.
पुढच्या शनिवारी बरोबर आलं.
मधला आठवडा मी हातगाडी ढकलली
आणि कळलं की ल्युबाच्या घराआधी
चढ आहे, चांगला घाम फोडणारा.

आज वोंद्राचेकांच्या फाटकाशी थ्रॉटल सोडली.
ठोका, ठोका, ठोका, ठोका.
एकही गाळलेला नाही.
मी वाट पाहिली. दार उघडेना.
गाडी बिचारी शहाण्यासारखी उभी,
इंजिन चालू,
खिडकीत पडदाही हलला नाही.

बारा वर्षं त्या बाईला
माझ्या शिव्या ऐकून कळत होतं
की अंडी आली.

उतरले,
आणि त्यांची घंटा कुठे आहे
ते शोधू लागले.