हनुवटीखालचं

हेल्मेट एकदा चढवलं की रेयोला
हनुवटीखालचं काही दिसत नाही.
पायऱ्या, कुत्री, सांडलेलं सरबत,
तीन फुटांपर्यंतची सगळी माणसं.
म्हणून मी, डाव्या कोपराशी.
एक टिचकी म्हणजे पायरी,
दोन म्हणजे मूल,
तीन म्हणजे मूल हात पुढे करून उभं आहे.

माझ्या पिशवीत सेफ्टी पिना, चिकटपट्टी,
लांब नळीची पाण्याची बाटली.
जुलैत सडबरीचे काळे खडक तापतात
आणि आत रेयो भट्टीतल्या पावासारखा फुगत असतो.

एकतीस वर्षं निकेलच्या खाणीत उतरला.
तेव्हाही डोक्यावर हेल्मेट, पुढे बोटभर उजेड.
वाटलं, निवृत्तीनंतर मासे धरेल,
सौनाचं छप्पर शाकारेल,
निदान माझ्यावर वैतागेल तरी.
तर हा तळघरात उतरला.
फोमच्या चटया कापल्या,
टबाची जाळी छातीवर बसवली,
गाडीतल्या रबरी पायपुसण्यांचा अंगरखा,
आणि माझी केकची दोन भांडी, न विचारता:
ते खांदे.

कोण आहे हा, लोक विचारतात.
आमच्या लग्नाआधी टीव्हीवर एक मालिका लागायची,
अकरा भागांत बंद पडली.
ताऱ्यांमधला एक जकातनाका,
नाक्याला दार, दाराशी दोन पहारेकरी.
त्यांतला एक.
अकरा भागांत ज्याला एक वाक्य मिळालं नाही, तो.
मी म्हटलं, अरे, सोंगच आणायचं तर राजाचं आण.
म्हणाला, राजे पुष्कळ येतात. दार कोण सांभाळणार?

हॉकीच्या मैदानाचं उद्घाटन, एल्म रस्त्यावरची मिरवणूक,
आम्ही असतोच.
कुणाला तो मधमाश्या पाळणारा वाटतो.
एका बाईने विचारलं, बॉयलर कधी बघायला येताय?
त्याने मान डोलावली.
पहारेकऱ्याला वाक्य नाही म्हणजे नाही.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं नाही,
माझी बहीण इर्मा ऐकवते,
पेन्शनीतले किती बॅटऱ्यांत गेले ते मोजत.
आणि तुला लाज नाही वाटत?
वाटायची.
पहिल्या वर्षी दहा पावलं मागून चालायचे,
जणू मिरवणूकच बघायला आलेय.
मग एकदा भर चौकात त्याचा पाय चुकला,
उठला, आणि ती एवढी मोठी मान
इकडून तिकडे, इकडून तिकडे, मला शोधत.
मी त्याच्या पायाशीच होते, बुटाची नाडी बांधत.
त्या दिवसापासून कोपर सोडलं नाही.

परवा वाचनालयात एक गृहस्थ थबकले,
साठी उलटलेले, हातात बागकामाची पुस्तकं.
पुस्तकं जमिनीवर ठेवली.
म्हणाले, सहावा भाग. धुळीचं वादळ.
सगळे पळाले, तू दार धरून उभा होतास.
मी टिचकी मारायची विसरले.
अशा गोष्टीसाठी आमच्याकडे खूणच नव्हती.
रेयोचा हातमोजा सावकाश जाळीवर गेला,
केकची भांडी थरथरत होती.
गृहस्थ म्हणाले, उजवीकडचा ना?
रेयोने मान डोलावली.

परतताना हेल्मेट मागच्या सीटवर, पट्टा लावून.
ओंटारियोचे बर्च मागे पडत होते,
बराच वेळ तो काही बोलला नाही.
मग म्हणाला, डावीकडचा गं.
मग हो का म्हणालास?
चाळीस-बेचाळीस वर्षांनी कुणी दाराशी आलं, आयनो.
अडवू?

रात्री मी वर झोपायला आले.
खाली तळघरात जुनी टेप लावलेली,
सहावा भाग.
ते पत्र्याचं दार घरघरत उघडतं,
बंद होतं. थांबतं.
मागे जातं.
पुन्हा उघडतं.