चौऱ्याण्णवावा दिवस

लॉगबुकात शेवटची ओळ दोन फेब्रुवारीची.
आज सात मे.
मी बोटांवर मोजलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर,
मग क्लबच्या ढगेसरांनी पेन्सिलीनं, चष्मा कपाळावर सारून:
चौऱ्याण्णव.

नियम साधा आहे, शाळेच्या फळ्यावर मावेल एवढा.
मागच्या नव्वद दिवसांत
तीनदा उडाला असाल, तीनदा उतरला असाल,
तरच शेजारी माणूस बसवा.
नाहीतर एकट्यानं जा,
आणि आपला जीव आपल्याच हवाली करून बघा.

दिवस कुठे गेले हे नियम विचारत नाही.
त्यासाठी रकाना नाही.
असता तर लिहिलं असतं,
सात रस्त्याजवळचं हॉस्पिटल, तिसरा मजला,
आयसीयूबाहेरची निळी खुर्ची,
जिचा एक पाय आखूड होता.
लिहिलं असतं, नायना शुद्धीवर आले
आणि पहिलं विचारलं, मागाचा पट्टा कुणी बदलला का?
छातीवर टाके,
टॉवेलची किनार ओढून घ्यावी तसे सरळ.

आता ते कुंपणाशी, लिंबाखाली बसलेत.
मांडीवर स्टीलचा डबा,
कडक भाकरी आणि शेंगाचटणी,
वर खायला. विमानात.
मी सांगितलं, अजून तीन चकरा मला एकटीला.
ते म्हणाले, बरं बिड्डा.
आणि चप्पल काढून पाय वर घेतले.

साडेसहा. होटगीकडून वारा, अजून थंड म्हणावा असा.
रिकाम्या सीटचा पट्टा आवळून बांधला,
सुटा राहिला तर हलतो, काड्यांमध्ये अडकतो.
रिकाम्या जागेलाही बांधावं लागतं
हे पहिल्या दिवशी शिकवतात.

पहिली उतरण: आपटले.
विमान उडी मारून परत बसलं,
रेडिओवर कुणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं.
दुसरी: बरी. हात ओळखायला लागले.
तिसरीला तळ्यावरून वळले, धावपट्टी समोर,
आणि एक कुत्रं, पांढरं, निवांत, मधोमध.
ढकललं पुढे सगळं, पुन्हा वर.
ती चकर मोजत नाहीत.
उतरलंच नाही तर काय मोजणार.

खाली लिंबाखाली एक पांढरा ठिपका उभा राहिला होता.
चाकं टेकली चौथ्या फेरीला,
इतकी हळू की मलाच उशिरा कळलं.

आठ वाजले. डांबर तापायला लागलेलं.
तीन ओळी लिहिल्या, सही केली.
नियम पुरा झाला, नायना,
पण पहिली पाहिलीत ना तुम्ही? उद्या जाऊ.

ते डबा पुसत बसले पंचाच्या टोकानं.
मग म्हणाले,
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात माग बंद राहिला की
पहिली हातभर वीण आम्ही विकत नव्हतो.
ताण जमलेला नसतो.
कापून घरी आणायचो.
तू लहानपणी त्यालाच तोंड पुसायचीस.
त्यानं कुणी मेलं नाही.
पण विकलंपण नाही.

हे हो होतं की नाही, कळेना.
मी वजनाचा कागद काढला.
फेब्रुवारीत त्यांचं नाव घालून भरून ठेवलेला,
मल्लेशम यन्नम, एकाहत्तर.
तेव्हाच न्यायचं होतं, वाढदिवसाला.
विचारलं, आता किती?
त्यांनी शर्टाच्या कॉलरीत दोन बोटं घातली,
मोकळी फिरवून दाखवली.
साठ असंल.

एकाहत्तर खोडलं. साठ लिहिलं.
पेन्सिल कागदावर तशीच राहिली थोडा वेळ.
मग विमानात वाकून
त्या सीटचा पट्टा सोडला,
आणि मापाला लावायला
त्यांना हाक मारली.