कंसातलं

अंताराम हटवार. सात वेळा आमदार,
मंत्री एकदाही नाही.
मी अठ्ठावीस डिसेंबर
त्यांचा आवाज लघुलिपीत उतरवला.

पहिल्याच दिवशी 'डोंगा' या शब्दावर अडलो.
चहाच्या सुट्टीत त्यांनी माझ्याच वहीत काढून दाखवला:
दोन बाया, एक सायकल, तळाशी वीतभर पाणी.

मग दर हिवाळ्यात तोच पूल.
"अध्यक्ष महोदय, काहून होत नाही जी?"
मी कंसात लिहायचो, हशा.
पुढे पुढे, गोंधळ.
एका वर्षी कंस केला
आणि आत काय लिहावं ते सुचेना.

पूल झाला. फीत दुसऱ्याच कुणी कापली.
ते उठले, मला वाटलं आभार मानतील.
त्यांनी पुलावरच्या दिव्यांचं विचारलं.

काल आमदार निवासाच्या पायरीवर भेटले.
मफलर, वळकटी, संत्र्यांची पिशवी.
यंदा तिकीट नाही, गाडी यायचीय.
मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला मोर्चा अडवलेला,
लाटेसारखा आवाज येत होता.
मी म्हणालो, केवढा गोंधळ.

त्यांनी मफलर कानावरून खाली ओढला.
"तसं नको लिहू," म्हणाले,
"शब्द ऐकू येतात."