सोयरीक

वारके सर फळ्यावर शब्दांच्या सोयरिकी जुळवतात.
फैजपूरला, खताच्या दुकानावरच्या खोलीत,
संध्याकाळी सात ते आठ.
जिन्यातून युरियाचा वास.

रिप्लायला प्रॉम्प्ट चालतो, सर म्हणाले,
फास्ट तेवढा शोभत नाही.
का सर?
गोत्र जुळत नाही.
सगळ्या बाकांना लगेच पटलं.
असलं आमच्याकडे दोनदा सांगावं लागत नाही.

रिस्पॉन्स कोमट असतो. ल्यूकवॉर्म.
मागून केळीवाल्यांचा मुनीम जावळे:
सर, मे महिन्यात आपल्या टाकीचं पाणी
नुसतं कोमट निघालं
तर मी मारुतीला नारळ फोडेन.

नी-जर्क काही सरांना सांगता येईना.
सलीमा तडवी सिस्टर उठल्या,
सरांना खुर्चीत बसवलं, पाय लोंबता,
आणि डस्टरची कड गुडघ्याखाली हाणली.
चप्पल उडून खिडकीशी गेली.
पाठ दुखेपर्यंत हसलो.
घरी येऊन वहीत लिहिलं:
उत्तर आधी पाय देतो,
माणूस मागून पोचतो.

आखाजीला भालोदला गेले.
लिंबाला झोका, खापरावरचे मांडे, रस.
वाटी अर्धी असतानाच
भावानं ताटाशेजारी कागद ठेवला.
हक्कसोड.
दोन एकर केळी, विहिरीत चौथा हिस्सा.
सुमनताईची सही होती,
तिच्याखाली निर्मलाची, घाईत र राहून गेलेला.
प्रॉम्प्ट.

‘सही करशीन नं?’

हाव जिभेवर आलंच होतं.
माझा गुडघा मला कळला,
ताटाखाली, मांडीत दुमडलेला,
आपोआप उचलायला निघालेला.

आई पंख्याकडे बघत होती.
तिच्या त्या बघण्याला
इंग्रजीत कोण लागतं, सरांनी घेतलं नव्हतं.

रिफ्यूजलला फ्लॅट लागतो, एवढं घेतलं होतं.
सपाट.
बाग कापून झाल्यावर
वावराच्या बांधावर उभं राहिलं
की थेट सातपुडा दिसतो,
मध्ये काही आडवं येत नाही, तसा.

पण माझ्या तोंडून निघाला तो एकटाच,
पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही:
नही.

भावानं कागदाची घडी केली.
पुन्हा उलगडली, पुन्हा केली.
वहिनीनं न विचारता रस वाढला.
बऱ्याच वेळानं तो म्हणाला,
फी केवढी आहे त्या क्लासची?